आठ पानांचं पुस्तक

त्या दिवशी दुसरीच्या वर्गात बाईंनी सुजेचं पुस्तक वाचायला दिलं. संध्याकाळी मी बाबांच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला, दहापर्यंत आकडे म्हटले आणि अंगठा काढला. खड्डा तसाच राहिला.

एवढं लिहायला मला आई जाईपर्यंत थांबावं लागलं. ती असताना हे कागदावर आलं असतं तर कधीतरी तिच्या हाती लागलं असतं. तिला वाचता येत नव्हतं, पण घरात कोणीतरी तिला वाचून दाखवलं असतं. आमच्या घरात लिहिलेलं काहीही वाचून दाखवायचीच रीत होती. आई चार महिन्यांपूर्वी गेली. आता घर बंद करायचं म्हणून मी येऊन राहिले आहे. दुपारी एखादी पेटी आवरते आणि मग बसून थोडं लिहिते.

आमचं घर दोन खोल्यांचं. शेगावहून सोनाळ्याला जाणारी एसटी जिथे थांबायची तिथून चार घरं सोडून. पुढची खोली म्हणजे बाबांचं दुकान आणि मागची म्हणजे बाकी सगळं, पाळण्यातल्या धाकट्या भावासकट. बाबा शिंपीकाम करायचे. जातीचे शिंपी नव्हते, कुठल्याशा मोठ्या गावी एका मास्तरांकडे काज-बटण करत करत शिकले होते. लोक त्यांना टेलर म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. आमच्या घरातला मुख्य आवाज मशीनचा. पायडल जोरात असेल तर कापड सरळ आहे, मधूनमधून थांबत असेल तर बाही किंवा कॉलर चालली आहे, अगदी थांबलं तर कोणी गिऱ्हाईक आलं आहे किंवा दोरा तुटला आहे, हे मला मागच्या खोलीतून न बघता कळायचं. बाबा मशीनवर बसलेले असले की घरात सगळं ठीक आहे असं वाटायचं. मुलं आईच्या पदराला धरून असतात म्हणतात, मी त्या आवाजाला धरून होते.

पाणी आमच्याकडे खारं. तो सगळा पट्टाच खाऱ्या पाण्याचा. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, चहात दूध टाकलं की फाटायचं, आणि अंघोळीनंतर अंगावर पांढरी भुकटी राहायची. आई सकाळी लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून दोन घागरी गोडं पाणी आणायची. ते वरणाला आणि दुकानात येणाऱ्यांच्या चहाला. प्यायला खारंच. गोडं पाणी नुसतं पिऊन संपवायचं, ही चैन आमच्यात कोणाला सुचलीच नाही. तुरीचे ओले दाणे निघाले की आई सोल्यांची भाजी करायची, तिखट, वर तेल तरंगणारी, सोबत ज्वारीची भाकर, आणि बाबा ताटात बसल्या बसल्या वरून मीठ मागायचे.

"पाण्यात हाय ना मीठ," आई म्हणायची, "अजून कायले पाह्यजे?"

"पाण्यातलं पाण्याचं. भाजीतलं भाजीचं," बाबा म्हणायचे आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचे.

इंगळे बाई आमच्या गावात आल्या तेव्हा मी पहिलीत होते. उंच, सडपातळ, सायकलवरून येणाऱ्या. शाळेत गोष्टींची पुस्तकं होती, कपाटात, कुलपात. बाईंनी कुलूप काढलं, ती आम्हाला वाचू दिली, पण त्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी स्वतः पुस्तकं लिहायला सुरुवात केली. मोठ्या अक्षरात, एका पानावर दोन-तीन वाक्यं आणि एक चित्र. मुंगी. कपाशीचं बोंड. एसटीची पाटी कशी वाचावी. आपल्या अंगाची मापं. ही सगळी "खरी पुस्तकं." हे नाव आम्हा मुलांचं. राजाराणीची ती गोष्टीची पुस्तकं आणि ही खरी. मोठ्या गुरुजींना ते पसंत नव्हतं. एकदा आमच्या वर्गाच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "बाई, दुसरीची लेकरं हायेत. त्यायले गोष्टी सांगा, मौज वाटन." बाई म्हणाल्या, "सर, राजा यांच्यातल्या एकानंही पाहिलेला नाही. मुंगी रोज पाहतात." गुरुजी हसले आणि निघून गेले.

पुस्तक वाचायची बाईंची एक पद्धत होती. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ती कायमची लिहिलेली असायची: वाचा, पाहा, सांगा. आज वाचायचं, घरी जाऊन पाहायचं की लिहिलंय ते तसंच आहे का, आणि उद्या सकाळी पहिल्या तासाला उभं राहून सांगायचं. तसं नसेल तर तेही सांगायचं. एकदा एका मुलीनं उठून, बाईंच्या पुस्तकात बोंडाला चार पाकळ्या काढल्यात आणि तिच्या शेतातल्या एका बोंडाला पाच आहेत, असं सांगितलं, तर बाईंनी सगळ्यांसमोर चित्र दुरुस्त केलं. त्या दिवशी आम्हाला वाटलं की पुस्तकं आपल्या हातातली आहेत.

आणि ही पुस्तकं शिवायचे माझे बाबा. रविवारी बाई कागद घेऊन दुकानात यायच्या. चार कागद मधोमध दुमडायचे आणि घडीवरून मशीनचा टाका मारायचा, की आठ पानांचं पुस्तक तयार. शाई मागच्या बाजूला उमटायची म्हणून बाई पानाच्या एकाच अंगाला लिहायच्या. बाबांना वाचता येत नव्हतं. मापाच्या फितीवरचे आकडे आणि स्वतःची सही, एवढंच. पण पुस्तक शिवताना ते प्रत्येक कागद उजेडाकडे धरून बघायचे, जणू वीण तपासतायत. नवं पुस्तक वाचायची पहिली पाळी माझी, हा आमचा ठरलेला मोबदला होता. संध्याकाळी मी मशीनजवळ पाटावर बसून मोठ्यानं वाचायची आणि बाबा पायडल मारत ऐकायचे. दर पानाला विचारायचे, "खरं हाय ना हे?" मी म्हणायची, "हाव." मुंगीचं पुस्तक वाचलं तेव्हा, दोन मुंग्या भेटल्या की एकमेकींच्या तोंडाला स्पर्श करतात, हे ऐकून त्यांनी मशीन थांबवलं, उंबऱ्याशी उकिडवे बसले आणि आईला हाक मारली. "अवं, इकडे ये. ह्या तं सारख्या जयभीम घेऊन राह्यल्या एकमेकीचा!" आई पिठाच्या हातानं बाहेर आली. "काम नाही तुमाले," म्हणाली, पण तीही वाकून बघत बसली. आमच्या घरातलं सर्वांत आनंदाचं चित्र विचारलं तर मी हेच सांगेन.

सुजेचं पुस्तकही त्यांनीच शिवलं होतं. पहिल्या पानावर आपल्या अंगात पाणी असतं, असं होतं. मग मूत्रपिंडं दोन असतात आणि ती कुठे असतात. मग ती दमली की काय होतं आणि तेव्हा मीठ का कमी खावं. सहाव्या पानावर लिहिलं होतं: "पायावर अंगठा दाबा. दहा आकडे म्हणा. अंगठा काढा. खड्डा लगेच भरला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने रोज खाऊ नका. त्याने मूत्रपिंडे बिघडतात." वर्गात आम्ही एकमेकांच्या नडग्या दाबून खिदळलो. बाईंनी तपकिरी कागदाचा तक्ता भिंतीला लावला. आडव्या रेघा, प्रत्येकाचं नाव, त्यापुढे घरातल्या एका मोठ्या माणसाचं नाव, त्यापुढे रिकामा चौकोन. उद्या त्यात "भरला" किंवा "नाही भरला" लिहायचं होतं.

संध्याकाळी बाबांचे पाय दाबायचं काम माझंच. दिवसभर पायडल मारून त्यांचे पाय भरून यायचे. पाय सुजतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आई तर रोज म्हणायची, माणूस दिवसभर पाय हालवते, सुजणार नाही तं काय. त्या दिवशी मी दाबता दाबता अंगठा एका जागी धरून ठेवला. बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. मी मनात आकडे म्हटले आणि अंगठा काढला. माझ्या अंगठ्याचा आकार तिथेच राहिला, ओल्या मातीत राहावा तसा. मी दुसरा पाय पाहिला. तिथेही तसंच. मग मी हातानं तो खड्डा चोळून मिटवायला लागले.

"काय करून राह्यली वं?" बाबा म्हणाले. "गुदगुल्या होतात ना."

जेवणाआधी त्यांनी राहिलेल्या लेहेंग्याची पट्टी मशीनवर घेतली आणि म्हणाले, "चाल, नवं पुस्तक वाच." मी वाचलं. पाचव्या पानापर्यंत वाचलं. मग पाचवं आणि सहावं पान चिमटीत एकत्र धरलं आणि उलटलं. "खरं हाय ना हे?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, "हाव."

पुढे आयुष्यभर मी पुस्तकांत राहिले, नोकरीही ग्रंथालयात केली, आणि भीतीबद्दल पुष्कळ वाचलं. पण त्या सात वर्षांच्या मुलीची भीती मला कुठे सापडली नाही. गोष्टीच्या पुस्तकातला राक्षस पुस्तक मिटलं की संपतो. हे पुस्तक खरं होतं. मुंगीचं खरं निघालं होतं, बोंडाचं खरं निघालं होतं, एसटी पाटीवर लिहिल्याप्रमाणे खरंच सोनाळ्याला जात होती. म्हणजे हेही खरं होतं, आणि ते माझ्या बाबांच्या पायावर होतं.

सकाळी पहिल्या तासाला बाईंनी एकेकाला उभं केलं. भरला, भरला, भरला. माझ्या आधी गणू. त्याच्या घरी त्याचे आबा. गणू उड्या मारतच उठला. "बाई, माह्या आबाचा नाही भरला! म्या वीसपर्यंत मोजलं, तरी नाही भरला!" वर्ग त्याच्याकडे हेव्यानं बघत होता, त्याला काहीतरी वेगळं सापडलं होतं. मी बाईंकडे बघत होते. त्यांच्या हातातला खडू थांबला. मग त्यांनी गणूला "शाबास, नीट पाहिलंस" म्हटलं, पण ते शब्द त्यांच्या तोंडात कोरडे होते. माझं नाव आलं. मी उभी राहिले.

"भरला," मी म्हटलं.

बाईंनी माझ्या नावापुढच्या, बाबांच्या नावापुढच्या चौकोनात ते लिहिलं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई गणूच्या घरी गेल्या. त्यांनी त्याच्या काकाला समजावलं, आणि तिसऱ्या दिवशी आबांना जीपमध्ये घालून अकोल्याला नेलं. आबा जीपमध्ये स्वतः चढून बसले, डोक्यावर टोपी, हातात काठी. आम्ही पोरं जीपमागे फाट्यापर्यंत धावलो. पंधरवड्यानं त्याच जीपनं त्यांना परत आणलं, तेव्हा ते आडवे होते आणि पांढऱ्या कापडाखाली होते.

आज कळतं की आबांचा आजार जुना होता, बाई गेल्या नसत्या तरी तो थांबला नसता. पण मळ्याच्या विहिरीवर बायका बोलत होत्या ते मी आईसोबत उभी राहून ऐकलं. "बाई पोट्ट्यायले पाय दाबायले लावते," एक जण म्हणाली, "आन् ज्याचं नाव सांगतलं त्याले जीप घेऊन जाते." दुसरी हसली. आई हसली नाही, तिनं घागर उचलली. आबांचे दिवस झाल्यावर गणू शाळेत आला. डोकं भादरलेलं. मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ येऊन बसला आणि बराच वेळ मातीत रेघा ओढून मग म्हणाला, "म्या सांगतलं नसतं तं आबा घरीच असता."

त्या दिवसापासून तो तक्ता मला वेगळा दिसू लागला. भिंतीवर माझ्या बाबांच्या नावापुढे "भरला" लिहिलेलं होतं, आणि ते तिथे आहे तोवर जीप येणार नाही, असं मला वाटायचं. वाऱ्यानं तक्त्याचा कोपरा हलला तरी मी उठून तो दाबून बसवायची. बाईंना वाटायचं, पोरगी नीटनेटकी आहे.

पण गोळ्यांचं काय करायचं? बाबांची कंबर दुखायची, मानही. रोज संध्याकाळी मी किसनभाऊंच्या किराणा दुकानातून त्यांच्यासाठी पांढऱ्या गोळ्या आणायची, दोन. ते काम मीच करायची, पहिलीपासून. सहाव्या पानावरचं शेवटचं वाक्य आठवलं की मुठीतल्या गोळ्या गरम लागायच्या. मी दुकानाच्या वळणावरच्या कडुलिंबाजवळ जाऊन उभी राहायला लागले. थोडा वेळ थांबायची आणि परत यायची. "संपल्या म्हणते किसनभाऊ." पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, उद्या येतीन. तिसऱ्या दिवशी ते मशीनवरून उठताना टेबलाला धरून उभे राहिले, ओठ आत दाबून, आणि मला वाटलं की मी त्यांना वाचवते आहे की मारते आहे हे मला कळत नाही.

चौथ्या दिवशी किसनभाऊ स्वतःच आले, पँट ढिली करायला. मोठं पोट, मोठा आवाज. "काय टेलर! कंबर खणखणीत झाली वाटते. चार दिस झाले, पोरगी आलीच नाही गोयांले. माह्या धंद्यावर पाय देऊन राह्यला काय?"

मी दाराआड उभी होते. बाबांनी कापडावरून मान वर केली नाही. "हाव," म्हणाले, "बरं हाय जरा. पोट आत घ्या किसनभाऊ, माप घेतो."

"आत घेऊ कुठी बे? जागाच नाही आत," किसनभाऊ म्हणाले आणि दोघं हसले.

ते गेल्यावर मशीन सुरू झालं नाही. बाबांनी हाक मारली. "मित्रा." माझं नाव संघमित्रा, पण ते मित्राच म्हणायचे. मी जाऊन उभी राहिले.

"काऊन वं?"

मी मापाच्या फितीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"त्या पुस्तकात हाय काय काही?"

"नाही."

बाबांनी कात्री बाजूला ठेवली. "चार कागद शिवले म्या. आठ पानं होतात. तू वाचत होती तवा पान सातदाच वाजलं. मले वाटलं शाई वली असन, चिकटलं असन." मग ते म्हणाले, "वाचता येत नाही मले. ऐकू तं येते ना?"

पुस्तक तेव्हा माझ्याकडे नव्हतं, ते दुसऱ्या मुलांकडे फिरत होतं. पण मला ते पाठ होतं. शाळेत उभं राहतात तसं हात सरळ ठेवून मी सहावं पान म्हणून दाखवलं. शेवटचं वाक्य मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, तर त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मग त्यांनी पायजमा वर केला आणि पाय स्टुलावर ठेवला. "दाब."

मी दाबलं. आकडे त्यांनीच म्हटले, मोठ्यानं, माप घेताना म्हणायचे तसे. एक, दोन, तीन. दहा झाल्यावर मी अंगठा काढला आणि आम्ही दोघं त्या खड्ड्याकडे बघत राहिलो. घडी मोडते का बघायला ते कापडाकडे बघायचे, तसेच ते स्वतःच्या पायाकडे बघत होते.

"पुस्तक खरं हाय," ते म्हणाले.

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. जीप येईल, तुम्ही जाऊ नका, असं काहीबाही बोलले. त्यांनी माझ्या वेणीचा बंद नीट केला. "गोई बंद आजपासून," म्हणाले. "पण तुह्या आईले नोको सांगू. लगीनसराई अंगावर आली. पाच घरचे कपडे कबूल केले म्या. वैशाख सरला का मी सोता जातो अकोल्याले, कोणं न्यायची गरज नाही. बाईलेही नोको सांगू. सांगशीन?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

हे मी आज लिहिते तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. मी त्यांच्यापेक्षा वयानं किती तरी मोठी झाले आहे. एखादा तरुण माणूस माझ्यासमोर बसून म्हणतो आहे, की काम हाती घेतलंय, एवढं होऊ दे, असंच मला दिसतं. त्यांनाही जीपचीच भीती होती. ते फक्त लग्नाच्या कपड्यांचं नाव सांगत होते.

ते दोन महिने मी रोज मोजायची. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. खड्डा पायावरून वर सरकत गेला. नडगीवर, मग गुडघ्याखाली. सकाळी बाबांचे डोळे सुजलेले असायचे. आई म्हणायची, "डोये काऊन असे झाले तुमचे?" बाबा म्हणायचे, झोप झाली नाही, आणि माझ्याकडे बघायचे, आणि मी ताटात बघायची. भाजीत वरून मीठ मागणं त्यांनी बंद केलं. आईला वाटलं, तिच्या हाताची चव त्यांना आवडेनाशी झाली. एकदा तिनं मला विचारलंही, "भाजी अळणी झाली काय वं?" मला सांगता येत नव्हतं. मशीनचा आवाज बदलला होता. मागच्या खोलीतून ऐकताना पूर्वी मला कळायचं की आता बाही, आता कॉलर. आता मधेच थांबायचं आणि ते कशासाठी थांबलं ते कळायचं नाही. थांबलं की मी श्वास धरून बसायची. सुरू झालं की सोडायची. बाई रविवारी कागद घेऊन यायच्या, बाबा हसून शिवून द्यायचे, आणि पाय टेबलाखालून बाहेर काढायचे नाहीत.

निकालाच्या दिवशी बाईंनी तक्ता उतरवला. मला वाटलं होतं, त्या तो फेकतील. पण बाई काही फेकायच्या नाहीत. त्यांनी कात्री घेतली, आडव्या रेघांवरून तक्त्याच्या पट्ट्या कापल्या आणि ज्याची त्याला दिली. "घरी नेऊन भिंतीला लावा. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू आणि खाली लिहू." मुलं पट्ट्या फडफडवत पळाली. गणूनं त्याची पट्टी घडी करून खिशात घातली. मी वर्गातच उभी राहिले. पट्टी घरी नेली की बाबा विचारणार होते, काय लिहिलंय, आणि मला वाचावं लागणार होतं. "खरं हाय ना हे?" असंही ते विचारणार होते. आणि भिंतीवर आता काहीच नव्हतं. खिळ्यांची भोकं तेवढी होती.

बाईंनी खिडक्या लावल्या, कुलूप हातात घेतलं, आणि मग मला पाहिलं. "काय गं, घरी नाही जायचं?"

मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. "बाई, हे खरं नाही."

त्यांनी वाचलं. "काय खरं नाही?"

"भरला नव्हता."

"कधी?"

"तवाच."

बाई उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं त्या मारतील, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "अजून कोणाला माहीत आहे?" मी म्हटलं, "बाबांले." त्यांनी डोळे मिटले. मग उठल्या, पट्टी माझ्या हातात परत दिली, कुलूप लावलं, सायकल तिथेच ठेवली आणि माझा हात धरून चालायला लागल्या. भर दुपार. रस्त्यात कोणी नव्हतं. लांबूनच मशीनचा आवाज येत होता, आणि मी एका बाजूनं प्रार्थना करत होते की तो थांबू नये, आणि दुसऱ्या बाजूनं माहीत होतं की मीच तो थांबवायला निघाले आहे.

बाबांनी आम्हाला दारात पाहिलं. पायडल थांबलं.

"कागद आणले काय बाई?" त्यांनी विचारलं.

"नाही भाऊ," बाई म्हणाल्या.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुईखालचं कापड सोडवलं, दोरा दातानं तोडला, आणि कापडाची नीट घडी घातली. ते एका वराचं जाकीट होतं, एक बाही लावायची राहिली होती. तेवढ्यात आई मागच्या दारानं आली, डोक्यावर भारा घेऊन. बाईंनी तिला सांगितलं, भाऊंचे पाय सुजलेले दिसतात, उद्या अकोल्याला दाखवू, मी सोबत येते. एवढंच. आम्हाला दोन महिन्यांपासून माहीत होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्याही आता नाहीत.

जीप आली. बाबा स्वतः चढून बसले. मी मागे धावले नाही. पंधरा दिवसांनी ते परत आले, बसूनच आले. डॉक्टर आईला म्हणाले होते, की दोन महिने आधी आणलं असतं तर हातात बरंच काही होतं. बाबांनी पुढची लगीनसराई पाहिली, शिवली नाही. त्यानंतरचा पोळा त्यांनी पाहिला नाही. शेवटच्या दिवसांत मी पलंगाजवळ बसून वाचायची. गोळ्यांच्या पाकिटांवरचं, पथ्याच्या कागदावरचं, बाईंनी आणून दिलेलं चांदण्यांचं पुस्तक. एकदा ते डोळे न उघडता म्हणाले, "एकही पान नोको सोडू." रागानं नाही. मी सोडलं नाही.

आई पुढे किती तरी वर्षं जगली. पाहुणे आले, बाबांचा विषय निघाला, की ती म्हणायची, "दोन महिने आधी समजलं असतं तं माणूस हाती लागला असता. पण घरात कोणालेच समजलं नाही." हे ती माझ्याकडे बघून म्हणायची, साक्षीला घ्यावं तसं. आणि मी मान हलवायची. दरवेळी. गेल्या वर्षी तिला ऐकू कमी येत होतं, तरी ती हे म्हणायची आणि मी मान हलवते का ते बघायची.

माझी नात दुसरीत आहे, धाकट्या भावाच्या मुलाची मुलगी. तिच्या दप्तरात हल्ली खरी पुस्तकं असतात, गुळगुळीत कागदाची, रंगीत, पाण्याची, शरीराची, ग्रहांची. लोक मला विचारतात, एवढ्या लहान मुलांना हे कशाला, गोष्टी द्याव्यात. मी म्हणते, द्यावं. खरं वाचायला द्यावं. पण ते घरी जाऊन पाहायला सांगितलं, तर त्या संध्याकाळी कोणीतरी मोठ्या माणसानं त्यांच्याशेजारी बसावं. बाईंना हे नंतर उमगलं होतं असं मला वाटतं, कारण पुढच्या वर्षीपासून त्या पाहायला सांगायच्या ते स्वतः घरोघर जाऊन.

मशीन मागच्या खोलीत आहे, पट्टा तुटलेला. सुजेचं पुस्तक केव्हाच हरवलं. त्या दुपारनंतर मला कधीच न दिसलेली तपकिरी कागदाची ती पट्टी काल आईच्या पेटीत, तिच्या लुगड्यांच्या खाली सापडली. तिला वाचता येत नव्हतं; कोणाकडून वाचून घेतली होती का, ते मला आता कळणार नाही. पट्टीवर माझं नाव आहे, बाबांचं नाव आहे, आणि पुढच्या चौकोनात "भरला" असं लिहिलेलं आहे.